बी.एस्सी. भौतिकशास्त्र : मेजर, मायनर आणि आठ सत्रांची आखणी

कृष्णाकाठ

माझ्या मुलीने बारावीनंतर अभियांत्रिकीचा विचार बाजूला ठेवून भौतिकशास्त्रात बी.एस्सी. करायचे ठरवले आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका संलग्न महाविद्यालयात तिचा प्रवेशही झाला आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पहिल्या वर्षी समान श्रेयांकांचे (क्रेडिटचे) तीन विषय घ्यायचे आणि दुसऱ्या वर्षी त्यांतून एक मेजर (मुख्य विषय) व एक मायनर (दुय्यम विषय) निवडायचा, अशी तिथली पद्धत आहे. भौतिकशास्त्र ठरलेलेच आहे. उरलेल्या दोन जागांसाठी गणित, रसायनशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, संख्याशास्त्र आणि संगणकशास्त्र असे पाच पर्याय आहेत. याशिवाय अर्जात ओई (खुला वैकल्पिक विषय), व्हीएससी (व्यावसायिक कौशल्य), एसईसी (कौशल्यवृद्धी), एईसी (क्षमतावृद्धी), व्हीईसी (मूल्यशिक्षण), आयकेएस (भारतीय ज्ञानप्रणाली) अशा लघुरूपांची रांग आहे आणि प्रत्येकापुढे पुन्हा पर्याय दिलेले आहेत.

प्रवेशाच्या टेबलावर "आत्ता काहीही भरा, पुढे बघता येईल" असे उत्तर मिळाले, ते मला पटलेले नाही. मुलीला एम.एस्सी. करायची आहे हे नक्की. त्यापुढे संशोधन की अध्यापन हे तिने ठरवलेले नाही आणि या वयात ते ठरलेले असावे असा माझाही आग्रह नाही. मी स्वतः वाणिज्य शाखेची असल्यामुळे कोणता विषय कशाच्या आधारावर उभा आहे हे मला समजत नाही. गणित तिला जमते, पण आवडते असे ती म्हणत नाही. अशा मुलीने मायनर काय घ्यावा, आणि तीन वर्षांनी थांबावे की चौथे वर्ष करावे, याबद्दल जाणकारांनी लिहावे, ही विनंती.

लोलक

कृष्णाकाठताई, मी बरीच वर्षे पदवीच्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवत आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

तो अर्ज पहिल्या सत्रापासून पुढे वाचण्याऐवजी तिसऱ्या वर्षापासून मागे वाचत यावा. तिसऱ्या वर्षी क्वांटम मेकॅनिक्स, इलेक्ट्रोडायनॅमिक्स, क्लासिकल मेकॅनिक्स आणि स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स हे चार पेपर येतात आणि पदवीचा कस तिथे लागतो. या चारही पेपरांत विद्यार्थी अडतात ते बहुतेक वेळा भौतिकशास्त्रामुळे अडत नाहीत. समोरच्या फळ्यावर जे गणित चालले आहे ते त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलेले असते, आणि त्या गडबडीत त्यामागचा भौतिक अर्थ निसटून जातो.

उदाहरण देतो. दोन लंबक स्प्रिंगने जोडले की त्यांच्या गुंतागुंतीच्या हालचालीतून दोन साधे 'नॉर्मल मोड' वेगळे काढावे लागतात. हे दुसऱ्या वर्षाच्या दोलनांच्या पेपरात असते आणि त्यामागचे गणित मॅट्रिक्सच्या आयगेन मूल्यांचे असते. क्वांटम मेकॅनिक्समध्ये ऊर्जेच्या पातळ्या काढताना हेच गणित परत येते. गोलीय निर्देशकांत लाप्लासचे समीकरण सोडवताना इलेक्ट्रोडायनॅमिक्समध्ये लजांद्र बहुपदी भेटतात. हायड्रोजन अणूच्या तरंगफलाचा कोनीय भाग काढताना त्यांचेच भाऊबंद समोर येतात. फूरिए विश्लेषण आधी तारेच्या कंपनात येते, मग एका फटीतून होणाऱ्या प्रकाशाच्या विवर्तनात, आणि शेवटी अनिश्चिततेच्या तत्त्वात. ज्याने हे गणित एकदा गणित म्हणून शांतपणे केले आहे, त्याला तिसऱ्या वर्षी जुनी ओळख निघते. ज्याने केलेले नाही, त्याला प्रत्येक पेपरात ते नव्याने पाठ करावे लागते.

भौतिकशास्त्राच्या मेजरमध्ये 'मॅथेमॅटिकल मेथड्स' असा पेपर असतो, मग वेगळे गणित कशाला, असे मुले विचारतात. थिअरीच्या एका श्रेयांकाला 15 तास आणि प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला 30 तास, असा हिशेब आहे. दोन श्रेयांकांच्या पेपराला वर्गातले 30 तास मिळतात. एवढ्यात व्हेक्टर कॅल्क्युलस, विकल समीकरणे, मॅट्रिक्स, फूरिए श्रेणी आणि संमिश्र संख्या उरकायच्या म्हटल्यावर शिक्षक सूत्र लिहून, दोन उदाहरणे सोडवून पुढे जातो. मीही जातो, कारण दुसरा मार्ग नसतो.

म्हणून माझे मत असे की पहिल्या वर्षी गणित घ्यावेच आणि दुसऱ्या वर्षी मायनर म्हणून तेच ठेवावे. तिसरा विषय पहिल्या वर्षानंतर सुटणार असल्यामुळे त्याची फार चिंता करू नये. इलेक्ट्रॉनिक्स किंवा संगणकशास्त्र यांपैकी ज्या विभागाची प्रयोगशाळा खरोखर उघडी असते, तो विषय घ्यावा. एक गोष्ट मात्र आजच विचारून ठेवावी : दुसऱ्या वर्षी मायनर देताना गणिताच्या जागा मर्यादित असतात का आणि त्या पहिल्या वर्षाच्या गुणांवर भरतात का?

तर्कट

लोलक सरांचा मुद्दा शिक्षकाच्या जागेवरून योग्य आहे, तथापि चित्राची दुसरी बाजूही ताईंपुढे यायला हवी. मी भौतिकशास्त्राचा पदवीधर असून मोजमापाची उपकरणे तयार करणाऱ्या कारखान्यात काम करतो. पदवीच्या वर्गातील सगळी मुले एम.एस्सी.ला जात नाहीत, आणि जायचे ठरवलेल्यांपैकीही काहींना घरच्या अडचणीमुळे तिसऱ्या वर्षानंतर नोकरी धरावी लागते. अशा वेळी ऑप-अँप (विद्युतसंकेत वाढवणारे सर्किट), मायक्रोकंट्रोलर आणि सेन्सर हाताळलेला विद्यार्थी मुलाखतीत चार गोष्टी दाखवू शकतो. लजांद्र बहुपदी तिथे कोणी विचारत नाही.

दुसरा मुद्दा गुणांचा आहे. चौथ्या वर्षी 'ऑनर्स विथ रिसर्च'ला, म्हणजे संशोधन प्रकल्पासह ऑनर्स पदवीला जायचे असेल तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के लागतात. गणिताचा मायनर न झेपल्यामुळे सरासरी घसरली, तर ज्या संशोधनासाठी गणित घेतले त्याचेच दार बंद होईल. मुलीला गणित आवडत नाही असे ताईंनी स्वतःच लिहिले आहे. तिकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

लोलक

तर्कट, गुणांचा मुद्दा मला मान्य आहे आणि तो माझ्या उत्तरात यायला हवा होता. इलेक्ट्रॉनिक्सबद्दल मात्र एवढेच म्हणेन की ऑप-अँप आणि ट्रान्झिस्टर भौतिकशास्त्राच्या मेजरमध्येही येतात, आणि मायक्रोकंट्रोलरसारखी कौशल्ये व्हीएससी किंवा एसईसीच्या श्रेयांकांत बसवता येतात. रेषीय बीजगणित त्या जागांत बसवता येत नाही. हा फरक माझ्या दृष्टीने निर्णायक आहे.

शून्यलब्धी

मी गणित शिकवते. या चर्चेत 'गणिताचा मायनर' म्हणजे नेमके काय हे गृहीत धरले जात आहे, म्हणून लिहिणे भाग आहे.

गणित विभाग मायनरचे पेपर भौतिकशास्त्राच्या सोयीने आखत नाही. पहिल्या वर्षी कॅल्क्युलसच्या पेपरात सीमा आणि सातत्य यांच्या काटेकोर व्याख्या असतात, एप्सिलॉन-डेल्टाने सिद्धता लिहायला शिकवतात. बीजगणिताच्या पेपरात पूर्णांकांची विभाज्यता, एकरूपता, समतुल्यता संबंध असे घटक असतात. भौतिकशास्त्राची मुले पहिल्या महिन्यात "याचा आम्हाला काय उपयोग?" असे विचारतात आणि थेट उपयोगापुरते बोलायचे तर त्यांची शंका चुकीची नसते. त्यांना हवे असलेले बहुचल कॅल्क्युलस, रेषीय बीजगणित आणि विकल समीकरणे हे घटक साधारणपणे दुसऱ्या वर्षी येतात. याचाच अर्थ, पहिले वर्ष गणित घेऊन दुसऱ्या वर्षी ते सोडणे हा सर्वांत तोट्याचा पर्याय आहे, कारण त्यात कष्टाचा भाग होतो आणि कामाचा भाग हातचा जातो.

यापुढचा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. काही ठिकाणी गणिताच्या मायनरमध्ये संख्या सिद्धांत, आलेख सिद्धांत, ऑपरेशन्स रिसर्च असे पेपर ठेवलेले असतात आणि रेषीय बीजगणित फक्त गणिताच्या मेजरवाल्यांना मिळते. तसे असेल तर लोलक सरांचा युक्तिवाद तिथे लागू पडणार नाही. ताईंनी तिसऱ्या व चौथ्या सत्राच्या मायनरचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावा आणि पेपरांच्या नावांवर न जाता त्यांतील घटक वाचावेत.

आवडीबद्दल एक शब्द. बारावीचे गणित आवडले नाही म्हणजे गणित आवडत नाही, असे होत नाही. बारावीला बहुतेकांना परीक्षेचा वेग आवडलेला नसतो. शेवटी निर्णय मुलीने घ्यावा, पण दोन्ही विषयांच्या पहिल्या घटकांची पाने तिने चाळून पाहिल्यावर घ्यावा.

निर्वात

मी सध्या एम.एस्सी. करत आहे आणि 'जॅम' या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेतून आलो आहे, म्हणून त्या अंगाने भर घालतो. आयआयटींतील एम.एस्सी. आणि बंगळुरूच्या आयआयएससीतील एकात्मिक पीएच.डी. या दोन्हींसाठी ही परीक्षा चालते. भौतिकशास्त्राच्या पेपरात तीन तासांत 60 प्रश्न आणि 100 गुण असतात. त्यांतील 20 प्रश्नांची उत्तरे आकड्यांत भरायची असल्यामुळे पर्याय बघून अंदाज बांधण्याची सोय तिथे नसते. अभ्यासक्रमाचे सात विभाग आहेत आणि पहिला विभाग गणिती पद्धतींचा आहे : आंशिक विकलज, जेकोबियन, बहुसंकलन, ग्रीन, स्टोक्स व गाउस यांची प्रमेये, फूरिए श्रेणी, विकल समीकरणे, मॅट्रिक्स. यातले बरेचसे शून्यलब्धी मॅडमनी सांगितलेल्या दुसऱ्या वर्षाच्या मायनरमध्ये येते.

आखणीच्या दृष्टीने खरी अडचण वेळापत्रकाची आहे. परीक्षा साधारण फेब्रुवारीत असते, म्हणजे तीन वर्षांनी पदवी घेणाऱ्याचे सहावे सत्र नुकतेच सुरू झालेले असते. घनावस्था भौतिकी किंवा आधुनिक भौतिकीचा जो भाग तुमच्या विद्यापीठाने सहाव्या सत्रात ठेवला असेल, तो परीक्षेपर्यंत वर्गात शिकवून झालेलाच नसतो. म्हणून सहाही सत्रांचे पेपर आणि जॅमचे सात विभाग शेजारी शेजारी मांडून पाहावेत आणि जो विभाग सहाव्या सत्रात पडतो तो पाचव्या सत्राआधीच्या उन्हाळ्यात स्वतः वाचायचा, हे दुसऱ्या वर्षीच ठरवून टाकावे. आमच्या वर्गातील हुशार मुलेही या एका कारणाने मागे पडताना मी पाहिली आहेत.

प्रात्यक्षिकांबद्दल या धाग्यावर अजून कोणी लिहिलेले नाही, याचे आश्चर्य वाटते. श्रेयांकांच्या तासांचा हिशेब पाहिला तर पदवीच्या वेळेचा मोठा वाटा प्रयोगशाळेत जातो, आणि तोच वाटा बहुतेक ठिकाणी जर्नल पूर्ण करून सही मिळवण्यात वाया जातो. केटरच्या लंबकाने 'जी' (गुरुत्वीय त्वरण) काढायचा प्रयोग सगळेच करतात. उत्तर 9.8 च्या आसपास आले की समाधान मानतात आणि लगेच पुढच्या प्रयोगाच्या तयारीला लागतात. उत्तरात किती अनिश्चितता आहे, तिच्यात लांबीच्या मोजमापाचा वाटा किती आणि आवर्तकाळाच्या मोजमापाचा किती, हे विचारणारा शिक्षक भेटला तर नशीब समजावे. न भेटल्यास मुलीने स्वतः विचारावे. त्रुटींचे विश्लेषण आणि लघुतम वर्ग पद्धत पहिल्याच वर्षी नीट शिकली तर पुढच्या प्रत्येक प्रयोगात ती उपयोगी पडते, आणि पायथनमध्ये आलेख काढायला शिकण्यासाठी याहून चांगले निमित्त नाही. व्हीएससी किंवा एसईसीच्या यादीत संगणकीय भौतिकी, पायथन किंवा विदा विश्लेषण यांपैकी काही असेल तर डोळे झाकून घ्यावे. सौर पॅनेल बसवण्याचा किंवा घरगुती उपकरणे दुरुस्तीचा पेपर वाईट नसतो, पण एम.एस्सी.ला जाणाऱ्याला त्याचा फायदा कमी.

उन्हाळी सुट्ट्या हाही आखणीचा भाग समजावा. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी 'नियस' हा कार्यक्रम चालतो, पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेचे उन्हाळी उपक्रम असतात आणि तिन्ही विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. यांचे अर्ज सुट्टी लागण्याच्या कित्येक महिने आधी भरायचे असतात आणि जिल्ह्याच्या महाविद्यालयांत ही माहिती सूचनाफलकावर क्वचितच लागते.

नेकार

मी जर्मनीत आहे आणि येथील विद्यापीठात प्रात्यक्षिकांच्या वर्गांना साहाय्य करतो. तुलना करण्याचा हेतू नाही, परंतु दोन गोष्टी ताईंच्या मुलीच्या उपयोगाच्या आहेत.

येथे भौतिकशास्त्राची पदवी सहा सत्रांची आणि 180 श्रेयांकांची असते. प्रायोगिक भौतिकी आणि सैद्धांतिक भौतिकी अशा दोन स्वतंत्र मालिका चालतात आणि गणित पहिल्या सत्रापासून त्यांच्या जोडीला असते. येथील एका श्रेयांकात विद्यार्थ्याचे 25 ते 30 तासांचे काम धरलेले असते आणि त्यात स्वतः बसून उदाहरणे सोडवण्याचा वेळ मोजलेला असतो. लोलक सरांनी सांगितलेले 15 तास हे फक्त वर्गातले आहेत. त्यामुळे मुलीने आपले वेळापत्रक बनवताना वर्गातल्या प्रत्येक तासामागे घरचा किमान एक तास उदाहरणांसाठी धरावा. तिथे हे काम कोणी मागणार नाही, म्हणून ते आपोआप होणारही नाही.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. येथे एम.एस्सी.ला अर्ज करताना केवळ गुणपत्रिका पुरत नाही. क्वांटम मेकॅनिक्समध्ये काय शिकलात, किती तास शिकलात, असे पेपरनिहाय तपासले जाते. अभ्यासक्रम दर काही वर्षांनी बदलतात आणि जुने संकेतस्थळावरून नाहीसे होतात. प्रत्येक सत्राच्या अभ्यासक्रमाची प्रत त्याच सत्रात उतरवून ठेवावी.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मुलीने हा धागा स्वतः वाचला आणि काल आम्ही दोघींनी अभ्यासक्रम उतरवून घेतला. गणिताच्या मायनरमध्ये तिसऱ्या सत्रात बहुचल कॅल्क्युलस आणि चौथ्या सत्रात रेषीय बीजगणित आहे. विकल समीकरणांचा पेपर मात्र फक्त गणिताच्या मेजरला आहे. जागांची मर्यादा आहे, पण गेल्या वर्षी त्या भरल्या नव्हत्या असे विभागप्रमुखांनी सांगितले. तिसरा विषय म्हणून ती इलेक्ट्रॉनिक्स घेणार आहे, आणि हा तर्कट यांच्या पत्राचा परिणाम आहे असे तिने लिहायला सांगितले आहे.

आता दोन प्रश्न उरतात. विकल समीकरणांची उणीव कशी भरून काढावी, आणि चौथ्या वर्षाचा निर्णय कधी घ्यावा?

लोलक

चौथ्या वर्षाचे आधी सांगतो. तीन वर्षांत 132 श्रेयांक झाले की पदवी मिळते आणि त्यानंतर दोन वर्षांची एम.एस्सी. करता येते. चौथे वर्ष केल्यास 176 श्रेयांकांची ऑनर्स पदवी मिळते आणि पुढे एम.एस्सी. एका वर्षाची होते, म्हणजे एकूण वर्षे दोन्हीकडे पाचच. चार वर्षांच्या पदवीला 75 टक्के असतील तर नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन थेट पीएच.डी.कडे जाण्याची मुभाही आता आहे, आणि सोळा वर्षांचे शिक्षण मागणाऱ्या परदेशी विद्यापीठांसाठी चौथे वर्ष उपयोगी पडते. तरीही चौथे वर्ष कुठे करायचे, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. 'ऑनर्स विथ रिसर्च'मध्ये 12 श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प असतो आणि त्यासाठी विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असावे लागतात. दोन प्राध्यापकांच्या बळावर चालणाऱ्या विभागात चौथे वर्ष काढण्यापेक्षा तीन वर्षांनी बाहेर पडून चांगल्या ठिकाणी दोन वर्षांची एम.एस्सी. करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. जॅमचा अर्ज पाचव्या सत्रात भरायचा असतो. निर्णयाची वेळ तीच. तोपर्यंत 75 टक्क्यांची सरासरी सांभाळली की दोन्ही वाटा मोकळ्या राहतात.

विकल समीकरणांसाठी दोन मार्ग आहेत. 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन शिक्षणमंचावर जुलै आणि जानेवारी अशा दोन सत्रांत या विषयाचे चांगले अभ्यासक्रम असतात आणि नियमानुसार एका सत्रातील 40 टक्क्यांपर्यंत श्रेयांक तिथून घेण्याची तरतूद आहे. मात्र कोणत्या पेपराच्या बदल्यात ते श्रेयांक धरायचे, हे महाविद्यालयाने ठरवायचे असते. नोंदणी करण्याआधी विभागप्रमुखांची लेखी संमती घ्यावी. परीक्षा दिल्यावर मागितलेली मान्यता बहुधा मिळत नाही. श्रेयांकांत बसले नाही तरी तिसऱ्या सत्रात तो अभ्यासक्रम करावाच, कारण चौथ्या सत्रापासून त्याची गरज पडू लागते.

शून्यलब्धी

यात एक भर. मेजरच्या त्या पेपराला मायनरच्या विद्यार्थ्याने नुसते येऊन बसण्यास बहुतेक शिक्षकांची हरकत नसते. तास जुळत असल्यास तिने पहिल्याच आठवड्यात विचारावे. आमच्याकडे दरवर्षी भौतिकशास्त्राची दोन-तीन मुले अशी मागच्या बाकावर येऊन बसतात.

तर्कट

ओईबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून सांगतो : ती दुसऱ्या विद्याशाखेतून घ्यायची असते, त्यामुळे भौतिकशास्त्राच्या दृष्टीने फार विचार करू नये. ज्या पेपराचा तास प्रात्यक्षिकांच्या तुकडीशी भिडत नाही, तो घ्यावा. तुकड्यांचे वेळापत्रक अर्जाच्या अंतिम तारखेआधी लागत नसेल, तर मागच्या वर्षीचे मागून घ्यावे. ते सहसा फारसे बदलत नाही.